पृष्ठवंशी प्राण्यांचे वर्ग : मालवण किनाऱ्यावरील ओळख

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यातील कट्टा हे बाजाराचे गाव. समुद्र येथून दिसत नाही. परंतु बंदरावर उतरलेली मासळी येथे येते आणि आसपासच्या वाड्यांमधून ती खपतेही. मासे विकणाऱ्या बाईच्या पाटीत बांगडा, पेडवे, सरंगा, इसवण यांच्या शेजारी सुंगटे, कुर्ल्या, माकूल आणि तिसऱ्या मांडलेल्या असतात. गिऱ्हाईक या सगळ्यांना 'मासळी' म्हणते आणि व्यवहारात ते बरोबरही आहे. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने मात्र यांतील पहिले चारच मासे होत. सुंगटे आणि कुर्ल्या हे सांधेपायाचे प्राणी, तर माकूल आणि तिसऱ्या हे मृदुकाय. या चौघांनाही पाठीचा कणा नाही. माकलाच्या अंगातून निघणारी पट्टी हाडासारखी वाटली तरी ते हाड नव्हे. ती अंगात दडलेल्या शिंपल्याचा अवशेष होय.

बाजारातील नावे आणि शास्त्रातील वर्ग यांतील हा फरक केवळ परीक्षेपुरता महत्त्वाचा होता तो काळ मागे पडला आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयास हवी आणि त्या समितीने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. ही नोंदवही बहुधा शाळेतील शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायतीचे एखाद-दुसरे जाणते सदस्य मिळून लिहितात. डॉल्फिनची नोंद माशांच्या रकान्यात, कासवाची उभयचरांत आणि देवगांडुळाची सापांत झाली, तर गावच्या हाती एक जाड वही राहील. तिचा उपयोग मात्र फारसा होणार नाही. दुसरी गोष्ट अधिक निकडीची आहे. किनाऱ्यावर एखादा मोठा प्राणी अडकून पडला, तर तो हवेत श्वास घेणारा आहे की पाण्यात, हे पहिल्या काही मिनिटांत ओळखता आले पाहिजे. त्यावर त्याचा जीव अवलंबून असतो.

कण्याचा अर्थ

पृष्ठवंशी प्राण्यांची खूण म्हणजे मणक्यांचा बनलेला कणा. मणके एकामागून एक ओवल्यासारखे असतात आणि त्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. पुढच्या टोकास मेंदूचे रक्षण करणारी कवटी असते. गर्भावस्थेत या सर्व प्राण्यांत प्रथम पृष्ठरज्जू नावाची लवचिक दांडी दिसते. पुढे बहुतेकांत तिची जागा मणके घेतात. सांगाडा शरीराच्या आत असल्यामुळे तो शरीराबरोबर वाढतो. कुर्लीला वाढण्यासाठी आपले कवच टाकावे लागते आणि नवे कवच कठीण होईपर्यंत ती मऊ, असहाय असते. बैलाला किंवा इसवणाला असे काही करावे लागत नाही. जगातील सर्वांत मोठे प्राणी पृष्ठवंशी आहेत, याचे एक कारण हेच आहे.

संख्येच्या दृष्टीने पाहता पृष्ठवंशींत मासे सर्वाधिक. त्यांच्या ३५,००० हून अधिक जाती ज्ञात आहेत. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या सुमारे १२,०००, पक्ष्यांच्या सुमारे ११,०००, उभयचरांच्या साडेआठ हजारांवर आणि सस्तन प्राण्यांच्या सुमारे साडेसहा हजार जाती मोजल्या गेल्या आहेत. जबडा नसलेल्या, तोंडाने चिकटून राहणाऱ्या चक्रमुखी प्राण्यांचा एक लहान गटही आहे. आपल्या किनाऱ्यावर ते सहसा पाहावयास मिळत नाहीत, म्हणून त्यांचा एवढा उल्लेख पुरे.

माशांत दोन तऱ्हा

मासा म्हणजे कल्ल्यांनी श्वसन करणारा, पर असलेला आणि हृदयाचे दोन कप्पे असलेला पृष्ठवंशी, अशी व्याख्या पाठ्यपुस्तकांत असते. हृदय दोन कप्प्यांचे असल्याने रक्त हृदयातून एकदाच जाते : हृदयातून कल्ल्यांकडे आणि तेथून थेट शरीरात. मालवणच्या पाटीवर माशांच्या दोन तऱ्हा सहज दाखविता येतात. बांगडा हातात घेतला की डोक्याच्या बाजूस एक कठीण झाकण दिसते. ते उचलले की आत लाल, फणीसारखे कल्ले. या झाकणास प्रच्छद म्हणतात. मोरी घेतली तर झाकण नाही. मानेच्या जागी पाच उघड्या चिरा आहेत. वागळीच्या या चिरा पोटाच्या बाजूस असतात. बांगड्याचा सांगाडा हाडांचा, मोरी आणि वागळी यांचा कूर्चेचा. बांगड्याचे खवले पातळ आणि एकावर एक बसलेले. मोरीची कातडी मात्र शेपटीकडून डोक्याकडे हात फिरविल्यास खरकागदासारखी लागते, कारण तिच्यावरील प्रत्येक कण दातासारख्या रचनेचा असतो.

अस्थिमत्स्यांच्या पोटात बहुधा हवेची पिशवी असते व तिच्यामुळे त्यांना पाण्यात हव्या त्या खोलीवर तरंगत राहता येते. मुशीला अशी पिशवी नाही. तिला तरंगण्यास मोठ्या, तेलकट यकृताचे साहाय्य होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॉड माशाच्या यकृताचे तेल परदेशांतून येणे कठीण झाले, तेव्हा भारताच्या किनाऱ्यावर मुशीच्या यकृताचे तेल काढण्याच्या उद्योगास चालना मिळाली, ती या यकृताच्या गुणामुळेच.

येथे एक समज तपासून घेतला पाहिजे. 'पिल्ले देतो तो सस्तन, अंडी घालतो तो मासा किंवा पक्षी' असे विद्यार्थी सर्रास लिहितात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर विपुल मिळणारी मोरीची एक लहान जात जिवंत पिल्ले देते. इतकेच नव्हे, तर गर्भाशयात पिलाला आईकडून वारेसारख्या भागातून पोषण मिळते. तरीही ती मासाच. पिलाला दूध मिळत नाही, अंगावर केस नाहीत, श्वसन कल्ल्यांनी. घोणस आणि आपल्याकडील फुरसेही पिल्लेच देतात; ते सर्प होत. उलट ऑस्ट्रेलियातील बदकचोच्या हा सस्तन असून अंडी घालतो. प्रजननाची रीत हा वर्गाचा निर्णायक पुरावा नव्हे, हे शिक्षकांनी एकदा स्पष्ट केले, तर पुढचे अनेक घोटाळे टळतात.

श्वसनाच्या बाबतीतही अपवाद जवळच सापडतात. खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून आणि ओल्या कातडीतून प्राणवायू घेऊन बराच वेळ बाहेर राहते. तळ्यातील मरळ पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन हवा घेते. शरीराचे तापमान पाहिले, तर कुपा हा वेगाने पोहणारा मासा आपल्या स्नायूंतील उष्णता राखून ठेवतो आणि भोवतालच्या पाण्यापेक्षा उबदार राहतो. म्हणून एका लक्षणावर निर्णय न देता लक्षणांचा समुच्चय पाहावा लागतो.

'उभयचर' या शब्दाचा घोटाळा

मराठी परिभाषेने 'उभयचर' हा नेटका शब्द दिला आहे, परंतु शाळांतून त्याच्यामुळे एक चूक पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. जमिनीवर आणि पाण्यात दोन्हीकडे वावरतो तो उभयचर, असा त्याचा शब्दशः अर्थ घेऊन मुले कासव, मगर, पाणसाप, क्वचित बदकही या वर्गात लिहितात. मूळ ग्रीक शब्दाचा रोख 'दोन प्रकारचे जीवन' असा आहे. बेडकाचे पहिले आयुष्य पाण्यात, कल्ल्यांनी श्वास घेणाऱ्या, शेपटीच्या पिलाचे. दुसरे आयुष्य फुप्फुसे आणि पाय असलेल्या प्रौढाचे. कासवाच्या आयुष्यात असा पालट कधीच होत नाही. ते अंड्यातून बाहेर येते तेच फुप्फुसांनी श्वास घेत.

उभयचरांची कातडी उघडी आणि ओलसर असते. तीवर खवले, पिसे, केस यांपैकी काही नसते. या कातडीतूनही त्यांचे श्वसन होते, म्हणून ती सुकली तर प्राणी मरतो. हृदयाला तीन कप्पे. अंड्याला कवच नाही. ती फेसात किंवा बुळबुळीत गोळ्यात, पाण्यात वा ओलाव्यात राहतात. मिरगाच्या पावसात कुणग्यांतून जो आवाज उठतो, तो नर बेडकांचा; पाणी साचले आहे, अंडी टिकतील, असा त्याचा अर्थ. याच दिवसांत मोठ्या बेडकांची शिकार होते. बेडकाच्या तंगड्यांची निर्यात भारत सरकारने १९८७ साली बंद केली. तत्पूर्वी भातशेतीतील कीड खाणारे बेडूक मोठ्या प्रमाणावर देशाबाहेर गेले होते. शेतकऱ्याला त्याची किंमत औषधफवारणीच्या रूपाने मोजावी लागली, असे म्हणावयास जागा आहे.

उभयचरांच्या दृष्टीने सिंधुदुर्ग हा जिल्हा श्रीमंत आहे. सावंतवाडी तालुक्यातील आंबोलीच्या कातळावर, पावसाच्या उथळ डबक्यांत प्रजनन करणारा एक पिवळसर भेक २००९ साली शास्त्राला नवा म्हणून नोंदला गेला. याच आंबोलीहून २००३ साली देवगांडुळाची एक नवी जात वर्णिली गेली आणि तिला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे ज. सी. डॅनियल यांचे नाव देण्यात आले. गावच्या वहीत 'बेडूक' एवढीच नोंद करून पुढे जाणे किती अपुरे आहे, हे यावरून लक्षात येईल.

देवगांडुळाचा विषय निघाला, तर पाच लांबट, बिनपायांच्या प्राण्यांची तुलना करणे उद्बोधक ठरते. वाम, समुद्रसर्प, देवगांडूळ, वाळा आणि गांडूळ हे पाचही जण दिसावयास एका माळेचे मणी. प्रत्यक्षात मात्र त्यांत चार निरनिराळे गट आहेत. वाम हा मासा : डोक्यामागे कल्ल्याचे छिद्र आणि पाठीवर लांब पर असतो. समुद्रसर्पाला कल्ला नाही, पर नाही. अंगावर खवले, जीभ दुभंगलेली आणि शेपूट वल्ह्यासारखी चपटी. देवगांडुळाची कातडी ओलसर आणि वळ्यावळ्यांची असते. त्याला जबडा व दात असतात आणि डोळा व नाकपुडी यांच्या दरम्यान एक अगदी लहान स्पर्शांगही असते. पाय नसले तरी तो बेडकाचा भाऊबंद, म्हणजे उभयचर. वाळा हा कुंडीच्या मातीत सापडणारा सुतळीएवढा बिनविषारी साप. त्याचे अंग कोरडे आणि चकचकीत खवल्यांचे असते. पाचवे गांडूळ : त्याला जबडा नाही, डोळे नाहीत, हाड तर नाहीच. बागेत खणताना वाळा आणि देवगांडूळ दोघेही निष्कारण मारले जातात. कोरडे खवले की ओल्या वळ्या, एवढे पाहिले तरी दोघांतील फरक कळतो. आणि दोघांपासूनही माणसास धोका नाही, हेही सांगून ठेवावयास हवे.

कवचाच्या अंड्याने काय साधले

बेडकाला पाण्याकडे परतावे लागते, सरड्याला नाही. पृष्ठवंशींच्या इतिहासात याहून मोठा फरक क्वचितच घडला असेल. सरपटणाऱ्या प्राण्याच्या अंड्यात गर्भ स्वतःच्या पाण्याच्या पिशवीत वाढतो, भोवती आवरणे असतात आणि बाहेर चिवट किंवा कठीण कवच असते. म्हणजे बेडूक ज्या डबक्यात अंडी घालतो, ते डबके सरड्याने अंड्याच्या आतच नेले. अंगावरील कोरड्या खवल्यांमुळे शरीरातील पाणीही उडून जात नाही. श्वसन जन्मापासून फुप्फुसांनी. हृदयाचे कप्पे तीन, पण खालचा कप्पा अर्धवट विभागलेला. मगरीत तो पूर्ण विभागून चार कप्पे होतात. चिपळूणजवळ वाशिष्ठी नदीच्या काठी पडून राहणाऱ्या मगरी या दृष्टीने पालीपेक्षा पक्ष्यांना जवळच्या आहेत.

'थंड रक्ताचे प्राणी' हा शब्दप्रयोगही जपून वापरावा. उन्हात पडलेल्या सरड्याचे रक्त माणसाच्या रक्ताइतके गरम असू शकते. शरीराची उष्णता तो बाहेरून घेतो आणि बाहेरच्या हवेप्रमाणे ती कमीजास्त होते, एवढाच त्याचा अर्थ. म्हणूनच त्याला खाणे कमी लागते. एकदा पोटभर खाल्लेला साप कित्येक दिवस निवांत राहतो.

मालवण किनाऱ्यावर या वर्गाचे दोन प्रतिनिधी विशेष महत्त्वाचे आहेत. पहिले ऑलिव्ह रिडले हे समुद्रकासव. त्याची मादी रात्री वाळूत खड्डा करून सुमारे शंभर अंडी घालते आणि समुद्रात निघून जाते. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. ती नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू अधिक तापली, तर माद्या अधिक. रत्नागिरी जिल्ह्यात वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांच्या साहाय्याने अंड्यांच्या संरक्षणाचे काम सुरू केले. सिंधुदुर्गात वायंगणी, तांबळडेग यांसारख्या किनाऱ्यांवरही घरटी राखली जातात. कासव पाण्यात आयुष्य काढते, तरी त्याला हवेसाठी वर यावेच लागते. जाळ्यात बराच वेळ अडकलेले कासव गुदमरून मरते, ते याच कारणाने. जाळ्यातून निघालेले कासव निपचित दिसले, तरी ते मेले असे समजून लगेच फेकू नये. सावलीत, ओल्या फडक्याखाली, मागील भाग काहीसा उंच ठेवून त्याला वेळ द्यावा. पुष्कळदा ते पुन्हा हालचाल करू लागते.

दुसरा समुद्रसर्प. रापणीत किंवा इतर जाळ्यांत मासळीबरोबर तो येतो. त्याचे विष तीव्र आहे. भारतात तयार होणारी सर्पविषावरील लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार जातींच्या विषापासून बनविलेली असते. समुद्रसर्पाच्या विषावर तिचा भरवसा धरता येत नाही. म्हणून जाळे झाडताना त्याला वाम समजून उघड्या हाताने धरणे अंगाशी येऊ शकते. चपटी शेपूट ही ओळखीची खूण खलाशी म्हणून नव्याने येणाऱ्या कामगारांस आवर्जून दाखवावी. दंश झाल्यास वेळ न घालविता रुग्णालय गाठणे, एवढेच शहाणपणाचे. तेथे श्वसनास आधार देण्याची सोय असते.

पक्षी

पक्ष्यांची ओळख पटविण्यास फार शब्द लागत नाहीत. पिसे असतात ती केवळ पक्ष्यांनाच. आजच्या कोणत्याही अन्य प्राण्याला ती नाहीत. पुढच्या पायांचे पंख, दात नसलेली चोच, पोकळ हाडे, फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या, चार कप्प्यांचे हृदय आणि शरीराचे जवळजवळ स्थिर तापमान. पायांवर मात्र खवले शिल्लक आहेत. कोंबडीचा पाय नीट पाहिला की सरड्याच्या कुळाशी तिचे नाते आठवते.

वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर पाकोळ्या आणि समुद्री कुररी मोठ्या संख्येने घरटी करतात. हुमायूं अब्दुलअली यांनी १९४२ साली त्यांविषयी टिपण प्रसिद्ध केले होते. पाकोळी आपले घरटे लाळेने गुहेच्या भिंतीला चिकटविते आणि या घरट्यांच्या चोरीमुळे ही वसाहत धोक्यात येत आली आहे. कट्ट्यापासून जवळ असलेला धामापूरचा तलाव हे पाणपक्षी दाखविण्यास सोयीचे स्थळ. १५३० साली बांधलेल्या या तलावास २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला आहे. एका फेरीत बगळा, मासा, बेडूक, सरडा आणि झाडावरचे वानर असे पाचही वर्ग तेथे पाहता येतात. काचेच्या बरणीतील नमुन्यांपेक्षा अशी फेरी अधिक शिकविते.

वटवाघूळ उडते, पण त्याला पिसे नाहीत. त्याचा पंख म्हणजे लांबलेल्या बोटांवर ताणलेली कातडी. अंगावर लव, तोंडात दात, पिलाला दूध. तेव्हा ते सस्तन.

दूध आणि केस

सस्तन वर्गाचे नाव त्याच्या मुख्य लक्षणावरूनच पडले आहे. दूध पाजणे आणि अंगावर केस असणे या दोन गोष्टी अन्य कोणत्याही वर्गात एकत्र आढळत नाहीत. याखेरीज छाती आणि पोट यांमधील पडदा, कानातील तीन लहान हाडे, एकाच हाडाची खालच्या जबड्याची प्रत्येक बाजू आणि केंद्रक नसलेल्या तांबड्या रक्तपेशी ही आतील लक्षणे होत. जिराफापासून उंदरापर्यंत बहुतेक सर्वांच्या मानेत मणके सातच असतात. लांबी वाढते, संख्या वाढत नाही.

खवले मांजर या वर्गाची कसोटी पाहते. अंगभर खवले, तोंडात दात नाहीत, लांब जिभेने मुंग्या-वाळवी खाते; पाहणारा त्याला घोरपडीचा भाऊ समजतो. परंतु त्याच्या पोटावर केस आहेत, पिलाला ते दूध पाजते आणि त्याचे खवले आपल्या नखांच्याच द्रव्याचे आहेत. त्या खवल्यांना औषधी गुण आहेत, या निराधार समजुतीमुळे त्याची चोरटी शिकार होते. खवले मांजराच्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय २०१६ साली झाला; भारतात त्याला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आधीपासूनच आहे.

डॉल्फिन आणि देवमासा यांच्या बाबतीत तर भाषाच वाट चुकविते. 'देवमासा' हा मासा नव्हे. याबाबत गावकऱ्यांना हसण्याचे कारण नाही, कारण आधुनिक वर्गीकरणाचा जनक मानला जाणारा स्वीडिश शास्त्रज्ञ लिनिअस यानेही १७३५ साली देवमाशांना माशांतच घातले होते. १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत त्याने त्यांना सस्तन वर्गात आणले. गंमत अशी की, त्याच आवृत्तीत मुशी आणि वागळी यांना त्याने बेडूक व साप यांच्याबरोबर एका वर्गात बसविले. त्याच्या दोन हजार वर्षे आधी अ‍ॅरिस्टॉटलने मात्र डॉल्फिन हवेत श्वास घेतो आणि पिलाला दूध पाजतो, हे नोंदवून ठेवले होते.

किनाऱ्यावर उभे राहून मासा आणि समुद्री सस्तन यांतील फरक ओळखण्याची एक साधी रीत आहे. माशाची शेपूट उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते. डॉल्फिनची आडवी असते आणि वर-खाली हलते. चार पायांनी धावणाऱ्या प्राण्यांचा कणा वर-खाली लवतो, तीच रीत त्यांच्या या वंशजांनी पाण्यात नेली. दुसरी खूण डोक्यावरील श्वसनछिद्र; तिसरी म्हणजे कल्ल्याच्या चिरांचा अभाव. या कसोटीवर 'व्हेल शार्क' हा प्रचंड प्राणी नावात व्हेल असूनही मासाच ठरतो : शेपूट उभी, बाजूस पाच चिरा. जगातील सर्वांत मोठा मासा तो हाच, आणि २००१ पासून त्याला कायद्याने संरक्षण आहे.

ओळखीवरून कृती

किनाऱ्यावर आलेला प्राणी मासा असेल, तर पाण्याबाहेरचा प्रत्येक क्षण त्याला घातक. त्याला शक्य तितक्या लवकर पाण्यात लोटणे हाच उपाय. डॉल्फिन किंवा देवमासा असेल, तर तो हवेत श्वास घेऊ शकतो, पण उन्हाने आणि स्वतःच्या वजनाने त्याला इजा होते. त्याला पोटावर सरळ ठेवावे, सावली करावी, कातडीवर ओली फडकी टाकावीत; श्वसनछिद्रावर मात्र पाणी, वाळू किंवा फडके येऊ देऊ नये. शेपूट अथवा पर धरून ओढू नये. पुष्कळदा मदतीच्या भरात लोक त्याच्या डोक्यावर बादलीने पाणी ओततात आणि ते नेमके श्वासाच्या वाटेत जाते. गर्दी दूर ठेवून वन विभाग आणि कांदळवन कक्ष यांस कळविणे हे पोलीस पाटील व सरपंच यांचे काम. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळे येथे आलेले देवमाशाचे पिल्लू अनेकांच्या अविश्रांत प्रयत्नांनंतरही वाचले नाही. त्यावरून हे काम किती अवघड आहे, याची कल्पना येते.

जाळ्यात सापडलेल्या संरक्षित प्राण्याच्या सुटकेसाठी मच्छीमाराने आपले जाळे कापल्यास त्यास जास्तीत जास्त २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र शासनाने २०१८ साली सुरू केली. समुद्रकासवे, डॉल्फिन, देवमासे, व्हेल शार्क यांना तिचा लाभ झालेला आहे. अशा प्रसंगी छायाचित्र महत्त्वाचे असते आणि ते काढताना लक्षण दिसेल असे काढावे : शेपटीची ठेवण, कल्ल्याच्या चिरा किंवा श्वसनछिद्र, पाठीवरील ठिपके अथवा कवच. नुसत्या फेसाळ पाण्याचे चित्र कोणाच्याही उपयोगी पडत नाही.

मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य म्हणून घोषित आहे. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. अभयारण्य आणि मासेमारी यांच्या संबंधाबद्दल मच्छीमारांच्या मनात जे प्रश्न आहेत, त्यांचा विचार येथे अप्रस्तुत ठरेल. परंतु कोणता प्राणी पकडावयाचा आणि कोणता सोडावयाचा, हे ओळखीवाचून ठरत नाही, एवढे दोन्ही बाजूंस मान्य व्हावे.

नोंदवहीचे रकाने

वर्गीकरणाचे शास्त्रही स्थिर नाही. १८६१ साली जर्मनीत पिसे आणि दात दोन्ही असलेल्या प्राण्याचा जीवाश्म सापडला आणि सरपटणारे व पक्षी यांतील भिंत पातळ झाली. आज शास्त्रज्ञ वंशावळ पाहून गट ठरवितात. त्या हिशेबाने पक्षी ही सरपटणाऱ्या प्राण्यांचीच एक शाखा ठरते, आणि 'मासे' हा एकच वर्ग न राहता त्याचे अनेक वर्ग होतात. शाळा आणि पंचायत यांनी मात्र नोंदवहीत रूढ वर्गच ठेवावेत; माशांचे कूर्चामत्स्य आणि अस्थिमत्स्य असे दोन रकाने केले म्हणजे पुरे. कणा नसलेल्या सुंगटे, कुर्ल्या, तिसऱ्या, माकूल यांसाठी वेगळा भाग हवा; सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे प्रवाळही तेथेच येईल.

प्रत्येक नोंदीत पहिले नाव गावच्या बोलीतील असावे, कारण माहिती देणारा त्याच नावाने प्राणी ओळखतो. त्यापुढे प्रमाण मराठी नाव, पाहिल्याचे ठिकाण आणि महिना, आणि ज्या लक्षणावरून वर्ग ठरविला ते लक्षण एका ओळीत लिहावे : 'अंग ओले, वळ्यांचे, खवले नाहीत', किंवा 'शेपूट आडवी, डोक्यावर छिद्र'. जातीचे शास्त्रीय नाव नंतर महाविद्यालयातील प्राध्यापकांकडून किंवा वन विभागाकडून भरून घेता येते. लक्षण लिहिलेले असेल, तर त्यांनाही तपासणी करता येते. चढणीच्या माशांची नोंद पहिल्या पावसात, बेडकांची आषाढात रात्रीच्या वेळी आणि कासवांच्या घरट्यांची थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत करावी लागेल; वहाळावर जाळे टाकणारे, शेतात राखण करणारे आणि पहाटे किनाऱ्यावर फिरणारे ग्रामस्थ यांना त्या त्या महिन्यात बोलावून बसविणे समितीला सोपे जाते. प्राणी मारून नमुना आणण्याची गरज नाही आणि संरक्षित जातींच्या बाबतीत तो गुन्हाही आहे.